ओपन जिमआधी जागेचा प्रश्न
एका प्रतिसादात नागपूरच्या प्रत्येक वस्तीत ओपन जिम बसवण्याची सूचना आहे. तिला विरोध नाही, परंतु जागा कोठून आणणार? विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित केलेली जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढील मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षणच रद्द होते. गुंठेवारीच्या (शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून परवानगीविना विकलेल्या) लेआउटमध्ये तर मोकळी जागा क्वचितच सोडलेली असते. असे लेआउट कायदेशीर करून घेतल्याने, म्हणजे नियमितीकरणाने, घरे वाचतात (ती वाचलीच पाहिजेत), मैदान मात्र मिळत नाही. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या शहरात दुपारी चारला लोखंडी दांड्याला हात लावता येत नाही, म्हणून उपकरणांआधी कडुनिंबाची सावली आणि शाळा-दवाखान्यापर्यंत सलग जाणारा पदपथ आराखड्यातच मागितला पाहिजे.