वडिलांच्या अँजिओप्लास्टीचे उरलेले बिल आणि पुढची अँजिओप्लास्टी : सल्ला हवा आहे

पंचगंगा

नमस्कार. माझ्या वडिलांना (वय 61) गेल्या आठवड्यात रात्री छातीत दुखू लागले आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून, जे रुग्णालय सर्वांत जवळ होते तेथे त्यांना नेले. हृदयविकाराचा झटका असल्याचे निदान होऊन त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली व एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला गेला. प्रकृती आता स्थिर आहे आणि उद्या किंवा परवा घरी सोडतील असे सांगितले आहे. बिल आजपर्यंत 2 लाख 35 हजारांवर गेले असून त्यांपैकी 80 हजार आम्ही भरले आहेत. शिवाय दुसऱ्या एका रक्तवाहिनीतही मोठा अडथळा असल्यामुळे महिना-दीड महिन्यात तिचीही अँजिओप्लास्टी करून घ्यावी, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

आम्ही इचलकरंजीचे. वडिलांची सारी उमर यंत्रमागावर गेली. आता काम सुटले आहे आणि त्यांना कसलेही उत्पन्न नाही. मी एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, पगार 15 हजार. धाकटा भाऊ एमआयडीसीतील कारखान्यात साडेबारा हजारांवर आहे. घर भाड्याचे, शिधापत्रिका केशरी, आरोग्य विमा कोणाचाही उतरवलेला नाही. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचे पहिल्याच रात्री विचारले होते, पण हे रुग्णालय त्या योजनेत नाही असे उत्तर मिळाले.

उरलेल्या दीड लाखासाठी तीन मार्ग दिसतात. मालक 50 हजारांची उचल द्यायला तयार आहेत, आईचे थोडे दागिने आहेत, आणि ओळखीचे एक गृहस्थ महिना तीन टक्क्यांनी लागेल तेवढी रक्कम आज संध्याकाळी देतो म्हणतात. यांतले काय करावे, आणि पुढची अँजिओप्लास्टी कोठे करावी, हे कृपया सुचवावे.

निवृत्त_लेखापाल

वडिलांची प्रकृती सुधारत आहे हे वाचून बरे वाटले. मी बरीच वर्षे रुग्णालयांच्या बिल विभागात काढली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

पैसे कोठून आणावेत हा प्रश्न तुम्ही आधी विचारला आहे, पण किती आणावेत हा त्याच्याही आधीचा आहे. बहुतेक मदत रुग्णाच्या हातात पडत नाही. ती बिलातून वजा होते किंवा थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. म्हणून रुग्ण खाटेवर आहे तोवर तिच्यासाठी अर्ज करता येतो आणि एकदा पूर्ण बिल भरून घरी आलात की त्यांतली बहुतेक दारे बंद होतात. आजचा दिवस कर्ज शोधण्यात घालवू नका, रुग्णालयाच्या कार्यालयात घालवा.

सर्वप्रथम तपशीलवार बिल मागा. एकूण आकडा लिहिलेला कागद पुरेसा नाही; प्रत्येक तपासणी, प्रत्येक औषध, अतिदक्षता विभागाचा प्रत्येक दिवस वेगळा दाखवलेला हवा. अतिदक्षता विभागातून साध्या कक्षात हलवले त्या दिवसाचे दोन्ही खाटांचे पैसे लावले आहेत का, एकच रक्ततपासणी दोनदा नोंदली आहे का, न वापरलेली औषधे दुकानात परत गेली असतील तर ती रक्कम वजा झाली आहे का, हे पाहा. माझ्या अनुभवात चुका सर्वाधिक सापडतात त्या औषधांच्या परताव्यात, आणि त्या मुद्दाम केलेल्या असतात असेही नाही; दुकान आणि बिल विभाग यांच्या वह्या वेगळ्या असल्या की असे घडते.

स्टेंटची ओळ नीट वाचा. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली. औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत तेव्हा 29,600 रुपये ठरली. ती वेळोवेळी सुधारली जाते आणि अलीकडे 40 हजारांच्या आसपास आहे, वर जीएसटी. स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे दाखवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. एका स्टेंटचे 80 हजार लावलेले दिसले, तर तो घासाघीस करण्याचा विषय उरत नाही, तक्रारीचा होतो.

एक प्रश्न : रुग्णालयाच्या पाटीवर किंवा पावतीवर ‘ट्रस्ट’, ‘न्यास’ किंवा ‘प्रतिष्ठान’ असे काही आहे का?

चहा_बिनसाखरेचा

ज्या डॉक्टरांनी मध्यरात्री येऊन जीव वाचवला, त्यांच्याच रुग्णालयात दुसऱ्या दिवशी बिलाच्या एकेका ओळीवर बोट ठेवायचे, हे मनाला पटत नाही. पुढच्या अँजिओप्लास्टीसाठीही त्यांच्याकडेच जावे लागू शकते. हल्ली समाजमाध्यमांवर आवाहन करून पुष्कळांचे पैसे जमतात, तो मार्ग अधिक सन्मानाचा वाटतो.

निवृत्त_लेखापाल

बिल डॉक्टर लिहीत नाहीत, संगणकावर बसलेला कारकून लिहितो, आणि त्याला तपशील विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी 2021 मध्ये सुधारणा झाली, त्यांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची सक्ती आहे. तपशीलवार बिल मागणे हा त्या सनदेतलाच हक्क आहे. आवाहनाचे म्हणाल, तर ते ज्यांच्या ओळखीपाळखी मोठ्या आहेत त्यांनाच फळते; यंत्रमाग कामगाराच्या कुटुंबाचे नातलगही त्याच ओढाताणीत असतात, आणि वडिलांचा अतिदक्षता विभागातला फोटो गावभर फिरतो तो वेगळाच.

पंचगंगा

आपणा सर्वांचे आभार. पाटी पाहून आलो, तीवर ‘चॅरिटेबल ट्रस्ट’ असे आहे. आम्ही त्याकडे कधी लक्षच दिले नव्हते. याचा उपयोग होईल का?

वॉर्ड_क्रमांक_चार

पंचगंगादादा, नक्की होऊ शकतो. मी एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळी ठेवते. निर्धन म्हणजे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत, आणि दुर्बल घटक म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत. तुम्हा दोघा भावांचे मिळून महिन्याला साडेसत्तावीस हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख 30 हजार होतात. तुम्ही दुर्बल घटकात बसता. या घटकातील रुग्णाचे बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने आकारायचे असते, औषधे, साहित्य व स्टेंट खरेदीच्या किमतीत लावायचे असतात, आणि त्या बिलाची किमान निम्मी रक्कम रुग्णाने भरायची असते. म्हणजे सवलत दोन ठिकाणी मिळते, आणि दर खाली येणे हे निम्म्या सवलतीइतकेच महत्त्वाचे असते.

रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक कोण आहेत हे विचारा आणि आजच लेखी अर्ज द्या. सोबत शिधापत्रिका, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला हातात नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात आजच अर्ज करून त्याची पावती जोडा आणि दाखला लगेच आणून देतो असे अर्जात लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. ‘राखीव खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर सर्रास मिळते. ते खरेही असू शकते, पण तसे असेल तर लेखी द्या असे नम्रपणे म्हणावे आणि जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन भेटावे. त्या कार्यालयाचा दूरध्वनी गेला की तिढा पुष्कळदा सुटतो, असा माझा अनुभव आहे.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे कोणी सुचवील म्हणून आधीच सांगते : त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 60 हजार आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

मिरजकर

पुढच्या अँजिओप्लास्टीबद्दल लिहितो, कारण तेथे अजून सारे तुमच्या हातात आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली असून प्रतिकुटुंब वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार तीत होतात. केशरी शिधापत्रिका चालते. जुलै 2024 पासून तर पांढरीही चालते. अँजिओप्लास्टी तीत आहे. ही योजना संपूर्णपणे रोकडरहित असल्यामुळे भरलेले बिल मागाहून परत मिळत नाही, तेव्हा पहिल्या बिलासाठी तिचा उपयोग नाही. दुसरी अँजिओप्लास्टी मात्र ठरवून करायची आहे, म्हणून ती योजनेतील रुग्णालयातच करावी. 155388 या क्रमांकावर विचारताना ‘हृदयरोगासाठी अंगीकृत असलेले रुग्णालय’ असेच विचारा, कारण एखादे रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असते आणि हृदयरोगासाठी नसते. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात आधी चौकशी करा. मिरजही तुम्हाला दूर नाही.

जाताना रुग्णालयातून सुटीच्या वेळचा गोषवारा (डिस्चार्ज समरी), अँजिओग्राफीची सीडी व अहवाल, शिधापत्रिका आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला) भेटा. शिधापत्रिकेवर वडिलांचे नाव आहे का आणि आधारवरील नावाशी जुळते का, हे आजच पाहून ठेवा. निम्मे खोळंबे तेथेच होतात. ‘योजनेतला स्टेंट साधा असतो, वरचे पैसे भरलेत तर चांगला बसवू’ असे कोणी म्हणाल्यास पैसे देऊ नका आणि त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आणखी एक. धाकट्या भावाच्या पगारपत्रकात ‘ईएसआय’ नावाची कपात आहे का?

पंचगंगा

भावाला विचारले. महिन्याला 94 रुपये कापले जातात, पण ते कशाचे हे त्याने कधी विचारले नव्हते. कारखान्यातील कोणी त्याचा लाभ घेतल्याचेही त्याच्या ऐकिवात नाही.

मिरजकर

साडेबारा हजारांवर 0.75 टक्के म्हणजे बरोबर तेवढेच होतात. भाऊ कर्मचारी राज्य विमा योजनेत (म्हणजेच ईएसआयमध्ये) आहे. दरमहा 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी ही योजना असते, मालक वर 3.25 टक्के भरतो, आणि विमाधारकावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही तिचा लाभ मिळतो. अट एवढीच की त्यांचे स्वतःचे सर्व मिळून उत्पन्न महिन्याला 9 हजारांपेक्षा जास्त नसावे. वडिलांचे नाव कुटुंबात नोंदलेले नसेल तर कारखान्याच्या कार्यालयातून ते नोंदवून घ्या. अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांसाठी भावाच्या नोकरीचा काळ आणि भरलेल्या वर्गणीचे दिवसही पाहिले जातात, ते विमा शाखेत विचारावे.

तातडीच्या प्रसंगी बाहेरच्या रुग्णालयात झालेल्या खर्चाची भरपाईही या योजनेत मागता येते. सरकारी दरांच्या मर्यादेमुळे पूर्ण रक्कम मिळेल असे धरून चालू नका, पण त्यासाठी मूळ बिले, पावत्या, सुटीचा गोषवारा आणि ‘रुग्णाला तातडीच्या स्थितीत आणले होते’ असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र उद्या बाहेर पडण्यापूर्वीच घ्या. नंतर त्या सहीसाठी खेटे घालावे लागतात.

निवृत्त_लेखापाल

आता कर्जाविषयी. एवढे सगळे करूनही काही रक्कम भरावी लागेलच. तीन टक्के महिना म्हणजे वर्षाला 36 टक्के, आणि परवाना नसलेल्या सावकाराकडून घेतलेल्या पैशाला कागद नसतो व शेवटही नसतो. ते अजिबात घेऊ नका. मालकांची उचल बिनव्याजी असेल, तर ती सर्वांत स्वस्त. पण दरमहा किती कापणार हे आधी ठरवून लिहून घ्या, नाही तर त्या पायी नोकरी बदलण्याचीही मुभा राहत नाही, हे यंत्रमागाच्या गावातल्या माणसाला मी सांगायला नको. त्यानंतर दागिने राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवणे. मोडू नका, तारणावरचे व्याज सावकाराच्या व्याजाच्या जवळपास चौथ्या हिश्श्याइतके असते.

रुग्णालयाकडे हप्ते मागा. बिल थकले म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, तेव्हा घाबरून सही करू नका. पुढच्या तारखांचे धनादेश मागितले तर शक्यतो टाळा, कारण खात्यात पैसे नसताना एखादा धनादेश परत गेला तर प्रकरण फौजदारी होते. लेखी हमीपत्र आणि ठरलेले हप्ते हा त्याहून बरा मार्ग.

पंचगंगा

सर्वांना कळवतो. समाजसेवकांना अर्ज दिला, पोच घेतली. आधी राखीव खाटांचेच उत्तर मिळाले; लेखी मागितल्यावर त्यांनी अधीक्षकांशी बोलून दुर्बल घटकात नोंद केली. सर्वसाधारण कक्षाच्या दराने बिल पुन्हा आकारले गेले, औषधांचे परतावेही वजा झाले, आणि आता आम्हाला 38 हजार भरायचे उरले आहेत. स्टेंटची किंमत मर्यादेतच होती. ही रक्कम मालकांच्या उचलीतून भरत आहोत. पगारातून महिना दोन हजार कापायचे, असे लिहून घेतले आहे. तातडीचे प्रमाणपत्रही मिळाले.

एक शंका उरली आहे. दरमहाच्या औषधांचा खर्च बराच दिसतो. तो कमी करता येईल का?

वॉर्ड_क्रमांक_चार

फार छान झाले. औषधांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मूळ घटकाचे नाव आणि मात्रा लिहून घ्या व जनऔषधी केंद्रात विचारा. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची नेहमीची औषधे तेथे बाहेरच्यापेक्षा पुष्कळच स्वस्त मिळतात. भावाचे विमापत्र तयार झाले की ईएसआय योजनेच्या दवाखान्यातूनही ती मोफत मिळू शकतील. केंद्रात एखादे औषध संपलेले असेल तर त्या दिवसापुरते बाहेरून घ्या, पण स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पुन्हा अतिदक्षता विभागच गाठावा लागेल. दुसऱ्या अँजिओप्लास्टीची तारीख ठरवताना या गोळ्यांची नावे तेथील डॉक्टरांना आवर्जून दाखवा.