मदत हवी आहे: सात महिन्यांत दुसऱ्यांदा ड्राइव्हचा वरचा गिअर गेला

वाशीकर_खाडीवरचा
बोटीच्या स्टर्नड्राइव्हचं (इंजिन आत, पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर) काम जाणणारं कुणी आहे का इथे? मार्चमध्ये वरच्या भागातला गिअर गेला, नवीन सेट टाकला. काल मांडव्याहून परतताना पुन्हा तेच. कडाड आवाज, इंजिन धावतंय आणि बोट जागेवर. बायको-मुलं बरोबर होती, अंधार पडत आला होता. करंज्याच्या एका होडीने ओढून आणलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. मिस्त्री म्हणतो परत सेट टाका. मला वाटतं मागच्या वेळी हलका माल लावला. मजबूत गिअर रबाळे एमआयडीसीत कुणी बनवून देईल का? शुक्रवारपर्यंत ठरवायचं आहे.

नाखवा_दिवाळे
ओहोटीला आलात का? खाडीत गाळावर पंखा घासला की मागचं सगळं हादरतं. जाळं किंवा प्लास्टिक गुंडाळलं होतं का तेही बघा.

दातेरी_चाक
एमआयडीसीत गिअरच्याच कामात आहे म्हणून सांगतो, बनवून घेऊ नका. ही स्पायरल बेव्हलची (तिरक्या वळणदार दातांच्या शंकूसारख्या चाकांची) जोडी असते, दोन्ही चाकं एकमेकांवर घासून जुळवलेली. वरचा थर कडक, आतला गाभा चिवट. एकच नग करून बसवलात तर महिनाही टिकणार नाही.

आता माझे प्रश्न. ड्राइव्ह कोणता? इंजिन किती हॉर्सपॉवरचं? दात कसा तुटलाय? तुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा गुळगुळीत रेषा असतील तर तडा बरेच दिवस हळूहळू वाढत होता. खडीसाखर फोडल्यासारखं दाणेदार असेल तर एका फटक्यात गेला. आणि गिअर ऑइल कसं निघालं?

मीनल_ऐरोली
थोडं विषयांतर, पण खाडीवरची मंडळी आहात म्हणून विचारते. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट जाते, ती भरतीच्या वेळेवरच असते ना? आईला घेऊन जायचंय.

नाखवा_दिवाळे
हो ताई, भरतीवरच. तिथीनुसार वेळ रोज पुढे सरकते, आधी फोन करून जा. पक्षी थंडी पडली की जास्त.

वाशीकर_खाडीवरचा
गाळ नाही, खोल पाण्यात झालं. ड्राइव्हवरची प्लेट खरवडून गेली आहे, नाव वाचता येत नाही. बोट २६ फुटी. ऑइल दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही, पण धातूची चमचम आहे. शुक्रवारपर्यंत गिअर कुठे मिळेल एवढंच सांगा.

डबल_आउटबोर्ड
ड्राइव्ह काढून टाका आणि मागे दोन आउटबोर्ड (बाहेर टांगायची इंजिनं) लावा. मी २०१९ मध्ये लावले, आजवर काही नाही. खाऱ्या पाण्यात बेलोज (ड्राइव्हचं रबरी आवरण) आणि जिंबल बेअरिंग (ड्राइव्हचा शाफ्ट आत जातो तिथलं) सांभाळायचं म्हणजे छळ आहे.

दातेरी_चाक
@डबल_आउटबोर्ड, त्यांना बोट बदलायची नाहीये. @वाशीकर, समुद्राचं पाणी ओढणारा पंप इंजिनवर आहे की ड्राइव्हच्या खालच्या भागात? मर्क्रूझर कंपनीच्या अल्फा ड्राइव्हमध्ये तो खाली असतो, ब्राव्होमध्ये इंजिनवर. अल्फा साधारण ३०० हॉर्सपॉवरपर्यंतचाच. आणि इंजिन मूळचंच आहे ना?

वाशीकर_खाडीवरचा
पंप खाली आहे. इंजिन बदललं, गेल्या वर्षी. ५.७ लिटर काढून ८.२ लिटर टाकलं, ४०० च्या आसपास. त्याचा काय संबंध? गिअर बदलायच्या आधी चांगलं चाललं होतं.

दातेरी_चाक
सगळा संबंध तिथेच आहे. पंप खाली, म्हणजे तुमचा ड्राइव्ह बहुधा अल्फा, ३०० पर्यंतचाच. जुनं ५.७ लिटर २६० हॉर्सपॉवरचं धरलं, तर मिनिटाला ४६०० फेऱ्यांवर साधारण ४०० न्यूटन मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) होतो. ४०० ला ४८०० फेऱ्यांवर ५९० च्या पुढे. हे सगळं त्या वरच्या जोडीच्या एकावेळी भिडणाऱ्या दोन-तीन दातांतून जातं. दात टॉर्कने तुटतो, हॉर्सपॉवरचा आकडा नुसता ऐकायला मोठा.

प्रॉप_प्रेमी
स्टीलचा पंखा असेल तर ॲल्युमिनियमचा लावा. आपटला तर पातं वाकेल, गिअर वाचेल.

दातेरी_चाक
खडकावर आपटण्यासाठी ते ठीक आहे. उसळी मारून पाण्यात परत येण्याच्या फटक्याला नाही. पंखा हवेत गेला की भार जातो, फेऱ्या वर चढतात. खाली आल्यावर पाणी त्याला एकदम धरतं आणि इंजिनच्या फिरत्या फ्लायव्हीलचा (जड चाकाचा) सगळा जोर दातांवर येतो. रेसिंगमध्ये थ्रॉटल सांभाळायला वेगळा माणूस असतो तो याचसाठी. बोट उडाली की गॅस सोडायचा, पंखा पाण्यात नीट बसला की परत द्यायचा.

प्रॉप_प्रेमी
सगळे काही रेस करत नाहीत. माझा ॲल्युमिनियमचा तीन वर्षं चालला.

बेलापूरचा_मरीन_फिटर
तुमचं दोघांचं बरोबर, पण मुळातलं कुणी विचारलंच नाही. इंजिन बदललं तेव्हा अलाइनमेंट केली होती का, म्हणजे इंजिन ड्राइव्हच्या रेषेत बसवलं का? ड्राइव्ह उतरवून अलाइनमेंट बारवर (तपासायच्या सरळ दांड्यावर) ग्रीस लावा आणि तो जिंबल बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरमध्ये सरकवा. दोन बोटांनी आत जायला हवा. बाहेर काढल्यावर ग्रीसवर स्प्लाइनचे (कपलरच्या आतल्या खाचांचे) ठसे सगळीकडे सारखे उमटायला हवेत. एका बाजूलाच खोल असतील तर इंजिन वाकडं बसलंय, आणि युनिव्हर्सल जॉइंटसकट सगळ्याला रोज मार बसतोय. ट्रिम (ड्राइव्हचा झुकाव) फार वर ठेवून फुल गॅस देऊ नका, जॉइंटचा कोन वाढतो. ऑइल काढाल तेव्हा ड्रेन प्लगचं चुंबकही बघा. काळी सायीसारखी पेस्ट चालते, बोटाला टोचणारे तुकडे नाही.

वाशीकर_खाडीवरचा
आज सकाळी गेलो. चुंबकावर दोन तुकडे आहेत, तांदळाएवढे. तुटलेला दात दाणेदार आहे, शेजारच्या दोघांवर गुळगुळीत रेषाही दिसतात. म्हणजे दोन्ही?

दातेरी_चाक
दोन्ही. आधीपासून थकत होते, काल फटका बसला.

वाशीकर_खाडीवरचा
बार दोन इंच गेला आणि अडला. हातोडीने मारायला निघालेल्या मिस्त्रीला थांबवलं. मागच्या माणसावर उगाच ठपका ठेवला. शुक्रवारची ऑर्डर रद्द केली. आधी इंजिनचे पुढचे माउंट सरळ करतो. ४०० ला पेलेल असा जुना पण चांगला ड्राइव्ह कुणाला विकायचा असेल तर कळवा.

बेलापूरचा_मरीन_फिटर
जास्त ताकदीचा ड्राइव्ह नुसता लावून चालणार नाही, ट्रान्समची (बोटीच्या मागच्या भिंतीवरची) असेंब्लीही बदलावी लागेल. तोवर जुन्याच ड्राइव्हमध्ये सेट टाकून चालवलीत तर दोन हजार फेऱ्यांच्या वर जाऊ नका. बार माझ्याकडून घेऊन जा, रविवारी घरी आहे.