‘पाथ’ला काय म्हणायचं: मार्ग, वाट की पत्ता?

टिळकवाडीचा नकाशेवाला
नमस्कार मंडळी. घराच्या आतल्या मांडणीचे नकाशे आणि थ्रीडी चित्रं काढायचं काम मी करतो. संध्याकाळी पाच-सहा मुलांना शिकवतोही. मुलं मराठी माध्यमातली, येळ्ळूर-खानापूरकडची. ब्लेंडर नाहीतर स्केचअप या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्राममध्ये छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायची आणि फरशी, कौलं, लाकूड यांची चित्रं फोल्डरमधून उचलून घराच्या भिंतींवर, जमिनीवर, छपरावर चढवायची, असा धडा चाललाय. टिपणं मराठीत काढली. फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणाऱ्या ओळीला, म्हणजे ‘पाथ’ला, ‘मार्ग’ लिहिलं आणि फाइल मिळाली नाही तर स्क्रिप्टनं ‘मार्ग चुकीचा आहे’ असं सांगावं, अशी सोय केली.

परवा एका मुलानं तो संदेश वाचला आणि अख्खी स्क्रिप्ट खोडून पुन्हा लिहिली. दोन तास गेले. विचारलं तर म्हणाला, “मार्ग चुकीचा म्हणून आला सर, म्हणून मी दुसऱ्या रीतीनं केलो.” त्यानं ‘मार्ग’ म्हणजे उपाय, पद्धत असं घेतलं. आपण म्हणतोच की, ‘यातून काहीतरी मार्ग काढा’. प्रत्यक्षात त्यानं फक्त ‘फरश्या’ या फोल्डरचं नाव बदललं होतं. पोरगा हुशार आहे, चूक माझ्या शब्दाची होती. तर या ‘पाथ’ला कुठला शब्द घ्यावा?

शब्दनिष्ठ
पथ. दुसरा विचारच नको. ‘पाथ’ आणि ‘पथ’ हे मुळात एकच आहेत, इंग्रजांनी आपलाच शब्द नेला. फाइलला ‘धारिका’, फोल्डरला ‘संचयिका’, मग पाथला ‘धारिकापथ’. आणि त्या विद्यार्थ्याला ‘मी केलो’ नव्हे, ‘मी केलं’ हेही शिकवा. ते आधी.

खडेबाजार
धारिकापथ म्हटलं तर आमच्या ऑफिसात कुणी मान वर करून बघणार नाही. आम्ही सगळे ‘पाथ पाठव’ म्हणतो. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे, सगळेच. मुलं उद्या नोकरीला लागणार, तिथं पडद्यावर पाथच दिसणार. पाथ ठेवा, एकदा समजावून सांगा, पुढं चला.

उचगावची
‘मी केलो’वर बोलते आधी. आमच्या भागात कर्त्याप्रमाणं क्रियापद चालतं, ‘मी बघितलो’, ‘तो सांगितला’. शेजारी कन्नड आहे, शतकानुशतकं आहे, तिथून ही घडण आली. परीक्षेत प्रमाण मराठी लिहावी, मान्य. पण पोरगा स्वतःची अडचण सांगत असताना त्याचं व्याकरण तपासायला बसलो तर तो पुढच्या वेळी सांगणारच नाही.

पूर्वी भाषाशास्त्र शिकवलेले
शब्दनिष्ठ, ‘पथ’ आणि ‘पाथ’ यांचं साम्य दिसतं तितकं सरळ नाही. संस्कृतातला ‘प’ इंग्रजीच्या घरच्या शब्दांत ‘फ’ होतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. म्हणजे वारशानं आला असता तर शब्द ‘फाथ’सारखा हवा होता. तो ‘प’नंच सुरू होतो, म्हणून कुणाकडून तरी उसना आलाय असं मानतात. बऱ्याच जणांचा कल प्राचीन इराणी भाषांकडं आहे. ‘पन्था’चा इंग्रजीतला खरा सख्खा भाऊ म्हणून ‘फाइंड’ दाखवतात, म्हणजे सापडणं. मला हे फार आवडतं. वाट आणि सापडणं एका मुळातून निघालेले, आणि नकाशेवाल्यांची अडचणही नेमकी ‘सापडलं नाही’ हीच.

शब्दनिष्ठ
इराणी म्हणजे आपलेच चुलत. माझं म्हणणं कायम आहे.

निपाणीकर
‘वाट’ का नको? वर्त्मन्, वट्ट, वाट. अस्सल मराठी, लहान मुलालाही कळणारा शब्द. ‘फाइलची वाट’.

खडेबाजार
आणि फाइल नाही सापडली तर? ‘फाइलची वाट लागली’?

निपाणीकर
‘वाट चुकली’ म्हणायचं. वाट लागणं, वाट पाहणं, वाटेला जाणं, सगळं एकाच शब्दात आहे. शब्दाला चार अर्थ असले म्हणून टाकून द्यायचा झाला तर ‘मार्ग’ही टाका, ‘घर’ही टाका.

उचगावची
मला वाटतं इथं गोष्टी दोन आहेत आणि आपण शब्द एक शोधतोय.

लहानपणी गावाहून बेळगावात मावशीकडं यायचे. पोस्टकार्डावर पत्ता असायचा: नाव, घर नंबर, गल्ली, शहापूर, बेळगाव. तो कुठूनही टाका, पत्र पोचतं. पण स्टँडवर उतरून कुणाला विचारलं तर तो पत्ता सांगायचा नाही. आधी विचारायचा, “तू आत्ता कुठं हाईस?” मग, “हितनं सरळ जा, कपिलेश्वरापाशी वळ.” ते सांगणं त्या जागेवरून खरं. तेच शब्द घेऊन मी टिळकवाडीत उभी राहिले तर भलतीकडं पोचेन.

ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होणारा पूर्ण पाथ म्हणजे पत्ता. मधूनच सुरू होणारा, ‘इथून वर जा, मग शेजारच्या फोल्डरात शिर’ असा पाथ म्हणजे वाट. दोन्हीला एकच ‘मार्ग’ म्हटलं की मुलांच्या लक्षात हा फरक राहत नाही.

टिळकवाडीचा नकाशेवाला
ताई, ‘तू आत्ता कुठं हाईस’ हे वाक्य उद्या फळ्यावर लिहितो. मुलांची निम्मी भांडणं तिथंच होतात. त्यांना वाटतं, स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे तिथूनच वाट मोजली जाते. तसं नसतं. ब्लेंडरची पायथन भाषा असो की स्केचअपची रुबी, अर्धी वाट दिली की ती प्रोग्राम त्या वेळी ज्या फोल्डरात ‘उभा’ आहे तिथून मोजतात. ब्लेंडर डेस्कटॉपवरून उघडला तर उभं राहायची जागा एक, टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, उघडला तर दुसरी. काल चाललेली स्क्रिप्ट आज चालत नाही ती यामुळं. म्हणून मी शिकवतो की स्क्रिप्टला आधी तिचं स्वतःचं ठिकाण विचारा आणि तिथून वाट जोडा. ब्लेंडरमध्ये चित्राच्या पाथच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा दिल्या की ‘ही ब्लेंड फाइल जिथं आहे तिथून’ असा अर्थ होतो. फाइल एकदाही सेव्ह केली नसेल तर मात्र ‘तिथून’ला जागाच नसते. चित्र सापडलं नाही की घराची फरशी भडक गुलाबी दिसते. मुलं त्याला ‘जांभळ्या झाला’ म्हणतात.

शहापूरची पत्रं
उचगावच्या ताईंचं पटलं, पण पत्ता टिकतो असं समजू नका. आमच्याकडं आजोबांच्या नावची जुनी पत्रं आहेत. शहापूर १९४८पर्यंत सांगली संस्थानात होतं, नंतर मुंबई राज्यात. १९५६च्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्य. १९७३ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. २०१४च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी. घर तेच, उंबरा तोच, विहीर तीच. वरचं नाव बदलत गेलं आणि आम्ही पाकिटावरची शेवटची ओळ खोडत गेलो.

फोल्डरचं तसंच ना? सगळ्यांत वरच्या फोल्डरचं नाव बदललं की त्याखालचे सगळे पूर्ण पत्ते मोडतात. पण माझ्या घरातून शेजारच्या घरी जायची वाट मोडत नाही. सोप्यातून उतरून डावीकडं दुसरं दार, ती कुठल्याही राज्यात तशीच राहिली. माझं मत ‘वाट’ला.

टिळकवाडीचा नकाशेवाला
अगदी हेच. गिऱ्हाइकाला सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर देतो तेव्हा पूर्ण पत्ते लिहिलेली चित्रं गळतात, वाटेनं जोडलेली सोबत जातात.

खडेबाजार
पत्र १९७२नंतर पिनकोडवर पोचतंय, ओळ खोडली काय नि नाही काय.

चिकोडीहून
कन्नडमध्ये पत्त्याला ‘विळास’ म्हणतात आणि वाटेला ‘दारि’ किंवा ‘हादि’. दोन वेगळे शब्द आहेतच. आमच्या घरी दोन्ही भाषा चालतात. आई मराठीत बोलतानाही “दारी चुकलास काय” म्हणते. माझा अंदाज, दारि हा शब्द आपल्या ‘दार’वरूनच गेला असणार. दारातूनच वाट सुरू होते.

पूर्वी भाषाशास्त्र शिकवलेले
नाही हो. आपलं दार ‘द्वार’वरून. कन्नडचा दारि द्राविड आहे, त्या बाजूचा स्वतःचा. आवाज जुळला म्हणून नातं लावू नये.

चिकोडीहून
आईच्या तोंडात दोन्ही एकच होते. तिच्यापुरतं नातं लागलेलं होतं.

येळ्ळूरचा सर्व्हेवाला
मूळ प्रश्नात अजून एक शब्द अडकलाय, तो कुणी उचलला नाही. दोन फोल्डरांच्या मध्ये येणारी तिरकी रेघ. तिला मुलांना काय सांगता? जमिनीच्या कामात आम्ही सर्व्हे नंबर वाचताना ‘पंचेचाळीस बटा दोन’ म्हणतो. तो बटा म्हणजे हीच रेघ, आणि अर्थही जुळतो: पंचेचाळीस नंबरच्या पोटातला दुसरा हिस्सा. फोल्डरच्या पोटातलं फोल्डर. मग विंडोजमधली ती दुसरीकडं कललेली रेघ म्हणजे ‘उलटा बटा’.

टिळकवाडीचा नकाशेवाला
वा! ‘उलटा बटा’ मी घेतला. ती उलटी कशी झाली तेही सांगतो, मुलं नेहमी विचारतात. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये फोल्डर आले ते दुसऱ्या आवृत्तीत, १९८३ला. त्याआधीच सरळ बटा आज्ञेच्या पुढं पर्याय लिहायला वापरात होता, म्हणून फोल्डरांसाठी उलटा घ्यावा लागला. युनिक्सच्या घराण्यात सरळच राहिला.

आणि हा उलटा बटा पायथनमध्ये फार फसवतो, कारण तिथं त्याला वेगळं काम आहे. त्याच्यापुढं इंग्रजी लहान टी आला की दोघं मिळून टॅब होतो, लहान एन आला की नवी ओळ. आता आमच्या धंद्यातली फोल्डरची नावं बघा: ‘टाइल्स’ टीनं सुरू, ‘न्यू हाउस’ एननं सुरू! पोरं इंग्रजीत ते जसंच्या तसं लिहितात आणि पाथ मध्येच दुभंगतो. उलट्या बट्यापुढं ‘युझर्स’चा मोठा यू आला तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. सरळ बटा लिहिला की विंडोजवरही पायथन आणि रुबी दोघं ऐकतात, किंवा तुकडे जोडायचं काम भाषेच्या स्वतःच्या सोयीवर सोपवावं. पायथनमध्ये ३.४पासून पाथलिब आहे, रुबीत फाइल-जॉइन. नकाशे काढायच्या ऑटोकॅडच्या लिस्प भाषेतही हाच नियम: सरळ एक, नाहीतर उलटे दोन.

शब्दनिष्ठ
फोल्डरची नावं देवनागरीत ठेवा, हा प्रश्नच उरणार नाही. उलट्या बट्यापुढं ‘फ’ आला तर कसला टॅब?

टिळकवाडीचा नकाशेवाला
टॅब होत नाही, बरोबर. पण दुसरी अडचण उभी राहते. आमच्याकडं खानापुरी कौलांच्या फोटोंचं फोल्डर आहे. एकानं ‘खानापूर’ दीर्घ लिहिलं, दुसऱ्यानं स्क्रिप्टमध्ये ‘खानापुर’ ऱ्हस्व. माणूस दोन्ही वाचून पुढं जातो, संगणक जात नाही. मी स्वतः देवनागरी नावं ठेवतो, आवडतात म्हणून. पण मुलांना सांगतो की शुद्धलेखनाची इतकी कडक परीक्षा शाळेतही झाली नव्हती.

शब्दनिष्ठ
हे मला पटलं. ऱ्हस्व-दीर्घाला अजून कुणीतरी किंमत देतंय.

निपाणीकर
बटा म्हणजे वाटा. बटणं, वाटणं, एकच. आणि वाटा म्हणजे जिथं वाट फुटते ते. बघा, ‘वाट’ आणि ‘बटा’ एकाच घरचे निघाले! म्हणजे पाथला वाट हाच शब्द सिद्ध झाला.

पूर्वी भाषाशास्त्र शिकवलेले
पहिला अर्धा भाग ठीक, दुसरा नाही. वाटणं, वाटा हे ‘वण्ट’ धातूकडचे, विभागणं या अर्थाचे. वाट ‘वर्त्मन्’कडची, वळणं-फिरणं या अर्थाच्या धातूतली. वेगळी घराणी आहेत.

निपाणीकर
शेताचा वाटा झाला की पहिली भांडणं वाटेवरूनच होतात. माझ्या गावात पाणंदीसाठी दोन भाऊ वीस वर्षं बोलत नव्हते. धातू काहीही असू दे, माणसांनी हे दोन शब्द एकत्र जगलेत.

खानापूरकर
पाणंद! आमच्याकडं शेताकडं जायच्या वाटेला पाणंदच म्हणतात, दोन्ही बाजूंना कुंपण असलेली. अर्ध्या पाथला ‘पाणंद’ म्हणा की. तिला नाव नसतं, नंबर नसतो, पण गावातल्याला कळते.

खडेबाजार
एवढे शब्द झाले: पथ, वाट, पत्ता, विळास, पाणंद. आणि मूळचा संदेश काय दाखवायचा ते अजून कुणी सांगितलं नाही. ‘फाइलचा पत्ता नाही’ म्हणा. रोजच्या बोलण्यातलं आहे.

उचगावची
त्यातही घोटाळा आहे. ‘त्याचा पत्ताच नाही’ म्हणजे तो गायब आहे. मुलाला वाटेल फाइल पुसली गेली.

टिळकवाडीचा नकाशेवाला
संदेश मी काल बदलला. आता स्क्रिप्ट म्हणते, ‘इथं शोधलं, फाइल दिसली नाही’ आणि खाली शोधलेली पूर्ण जागा छापते. वाटही नाही, मार्गही नाही. मुलं लगेच खालची ओळ वाचतात आणि फोल्डर उघडून बघतात. टिपणांच्या मथळ्यात मात्र अजून जागा रिकामी आहे. ‘पत्ता’ आणि ‘वाट’ असे दोन धडे करावेत असं मनात आहे.

पण एक अडलंय. दोन टिंबं लिहिली की एक फोल्डर बाहेर येतो, त्याला काय म्हणू? मी घरावरूनच समजावलं. गल्लीतली जुनी रांगेची घरं, सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मग न्हाणी, एकातून दुसऱ्यात. न्हाणीतून माडीवर जायचं तर दोनदा मागं येऊन माजघर गाठायचं, तिथून जिना. मुलांना झटकन कळलं. शब्द तेवढा हवाय.

शहापूरची पत्रं
‘माघारी’. एकदा माघारी, दोनदा माघारी.

खानापूरकर
माघारी चांगलाय. पण तुमचं घर चुकलंय नकाशेवाले. आमच्यात न्हाणी स्वयंपाकघरातून नसते, परड्यातून असते. आधी परडं, मग न्हाणी.

उचगावची
परडं नव्हे, परसू. आणि शहरातल्या गल्लीत परसू असतोच कुठं, विहिरीचा बोळ असतो. आमच्या मावशीकडं न्हाणीला जायची वाट त्या बोळातून होती.

निपाणीकर
परडं आणि परसू वेगळे आहेत ताई. परसू घराला लागून, परड्याला कुंपण. थांबा, आईला विचारून सांगतो.