अनुभव धागा: कोविडच्या विलगीकरणातले दिवस आणि निगेटिव्ह रिपोर्टची वाट

काल माळा आवरताना २०२१ सालची दिनदर्शिका सापडली आणि एप्रिलच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या ऑक्सिमीटरच्या (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदी पाहून पोटात गोळा आला. पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा मी सुटलो असे समजून घरच्यांना पुरणपोळीची फर्माईश केली होती. आठव्या दिवशी मात्र खोलीतल्या खोलीत सहा मिनिटे चालल्यावर आकडा ९६ वरून ९२ वर आला, आणि गंमत म्हणजे मला धाप अजिबात लागली नव्हती. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की विषाणूचा जोर ओसरत असतानाच काही रुग्णांत शरीराचा प्रतिकार अनावर होतो आणि त्यातून फुप्फुसांना सूज येते. पुण्यात तेव्हा खाटा मिळत नव्हत्या. रात्रभर पालथे झोपून सकाळी ९५ दिसले. आपापले अनुभव लिहावेत.

गवती_चहा
आठवा दिवस आमच्याकडेही तसाच गेला. शेजाऱ्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. ऑक्सिजन घटलेला नसताना त्या गोळ्यांचा फायदा होत नाही, उलट अपाय होऊ शकतो, हे त्यांना पटवताना माझाच घसा बसला.

जुना_रहिवासी
आपण तरी घरी होता. मी एप्रिल २०२० मध्ये कोविड केंद्रात होतो आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन स्वॅब निगेटिव्ह आल्याशिवाय घरी सोडत नसत. खोकला, ताप, अंगदुखी सारे संपले होते. तरी एक निगेटिव्ह, पुढचा पॉझिटिव्ह, असा खेळ चालू राहिला आणि मी तेथे तेवीस दिवस काढले. ८ मे रोजी नियम बदलला: सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की चाचणीविना घरी जाता येऊ लागले. तोवर मी घरी पोहोचलो होतो.

सूक्ष्मदर्शी
मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे शोधते. विषाणू जिवंत आहे की नाही, हे ती सांगत नाही. घर पाडल्यावर विटा अंगणात पडून राहाव्यात तसे हे तुकडे नाकाघशात कित्येक आठवडे राहू शकतात, परंतु सौम्य आजारात साधारण दहा दिवसांनंतर वाढू शकणारा विषाणू सहसा सापडत नाही. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात तो बराच काळ टिकू शकतो.

फोडणी_करपली
ऑक्सिमीटर ८८ दाखवू लागला म्हणून आमच्या घरात रडारड झाली होती. नंतर लक्षात आले की बोटाला गडद नेलपॉलिश होते. पुसल्यावर ९८!

गवती_चहा
@फोडणी_करपली, आपले नाव वाचून विचारते, वास कधी परतला?

फोडणी_करपली
तीन महिन्यांनी, आणि तोही वेडावाकडा. हिंगाच्या फोडणीला रॉकेलचा वास येत असे, त्यामुळे सासूबाईंना वाटे की मी त्यांच्या आमटीला नावे ठेवते आहे. त्या अजून विषय काढतात.