मदत हवी आहे : वाचनालयाच्या संगणकाची हार्ड डिस्क डीफ्रॅग करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

नमस्कार,

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात जुने दिवाळी अंक आणि बंद पडलेली स्थानिक नियतकालिके स्कॅन करून जपण्याचे काम गेली तीन वर्षे चालू आहे. शनिवारी आणि रविवारी मी व आणखी दोघे स्वयंसेवक ते करतो. ज्या संगणकावर हे सारे साठवले जाते, तो आता इतका मंदावला आहे की वाचक समोर बसून राहतात आणि अंक उघडत नाही. म्हणून हार्ड डिस्क डीफ्रॅग करण्याचे, म्हणजे तिच्यावर तुकड्यांत विखुरलेल्या फाइली पुन्हा सलग लावण्याचे, मनात आहे. मात्र सॉफ्टवेअरची निवड मला घाईने करायची नाही, कारण यातील काही अंकांचा कागद हातात घेताच तुटत होता. ते स्कॅन झाल्यावर मूळ प्रती टिकल्या नाहीत आणि आज त्या अंकांची खूण म्हणून या डिस्कवरची पानेच उरली आहेत.

संगणकावर विंडोज १० आहे, रॅम ८ जीबी आहे आणि हार्ड डिस्क १ टीबीची, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, जुन्या पद्धतीची आहे. तिचे दोन भाग केले आहेत. सी ड्राइव्ह १५० जीबीचा असून त्यात ६१ जीबी जागा मोकळी आहे. डी ड्राइव्ह ७८० जीबीचा असून त्यात केवळ ५२ जीबी उरली आहे. स्कॅनची सगळी पाने डी ड्राइव्हवर आहेत.

आमची कामाची पद्धत सांगते, कारण दुखणे तिथेच असावे असा माझा अंदाज आहे. प्रत्येक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवतो. ए-४ आकाराचे एक पान साधारण २५ एमबी जागा घेते, म्हणजे दोनशे पानांचा एक अंक ५ जीबीच्या घरात जातो. त्यावरून वाचकांसाठी पीडीएफ तयार होते, पण ती एका बैठकीत पूर्ण होत नाही. या शनिवारी चाळीस पाने, पुढच्या शनिवारी आणखी चाळीस, अशी भर घालून तीच फाइल पुन्हा पुन्हा जतन होते आणि मधल्या काळात बिघडलेली, वाकडी आलेली पाने आम्ही काढून टाकतो. अशाने डिस्कवर ठिकठिकाणी लहान मोकळ्या जागा पडत असाव्यात आणि वाढणारी फाइल त्या जागांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी जाऊन बसत असावी. २४० एमबीची एक पीडीएफ पूर्ण उघडायला मी घड्याळ लावून ५० सेकंद मोजले. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडली, तर चार सेकंदही लागले नाहीत.

विंडोजमधील 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून पाहिले, तेव्हा डी ड्राइव्ह ११ टक्के विखुरलेला असल्याचे दिसले. डीफ्रॅगलर या मोफत सॉफ्टवेअरने केवळ तपासणी केली, तर त्याने ४३ टक्के सांगितले आणि त्या २४० एमबीच्या पीडीएफचे ४,१०० तुकडे असल्याचेही दाखवले. एकाच डिस्कविषयी दोन साधनांनी इतके वेगळे आकडे सांगावेत, याचा उलगडा मला होत नाही.

मी चार पर्याय विचारात घेतले आहेत. विंडोजचे स्वतःचे साधन मोफत आणि हाताशी आहे, पण ते अपुरे असल्याचे मी अनेकांकडून ऐकले आहे. डीफ्रॅगलरमध्ये एखादे फोल्डर किंवा एकच फाइल निवडता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. मात्र त्याची नवी आवृत्ती बऱ्याच वर्षांत आलेली नाही. अल्ट्राडीफ्रॅग सातव्या आवृत्तीपर्यंत मुक्त स्रोत होते. ओ अँड ओ डीफ्रॅग हे जर्मनीतील कंपनीचे सशुल्क सॉफ्टवेअर आहे. त्याची गरज खरोखर असेल, तर वाचनालयाच्या समितीपुढे खर्चाचा प्रस्ताव ठेवण्याची माझी तयारी आहे.

दोन वर्षांपूर्वी एका दुरुस्ती करणाऱ्याने 'संगणक वेगवान करणारे' असे एक मोफत सॉफ्टवेअर बसवून दिले होते. त्यासोबत आणखी तीन अनोळखी प्रोग्राम आले, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलले आणि ते सारे काढण्यात माझे दोन रविवार गेले. म्हणूनच या वेळी आधी विचारते आहे.

माझे प्रश्न असे आहेत. वरीलपैकी कोणते साधन माझ्या कामासाठी योग्य ठरेल? डीफ्रॅग चालू असताना वीज गेली, तर फाइली खराब होतात का? (आमच्याकडे वीज बऱ्याचदा जाते आणि यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही.) आणि एवढ्या कमी मोकळ्या जागेत हे काम नीट होईल का?

प्रतिसाद १

डीफ्रॅगचा विचार सोडून एसएसडी (चिपवर साठवण करणारी डिस्क) बसवावी, असे माझे मत आहे. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून वाचणारे, सरकणारे हेड नसल्याने तुकडे असले तरी वाचनाचा वेग फारसा घटत नाही.

प्रतिसाद २

एसएसडीचा सल्ला सी ड्राइव्हपुरता योग्य आहे, परंतु ७०० जीबीहून अधिक स्कॅनसाठी तेवढ्या क्षमतेची एसएसडी घेणे वाचनालयाला परवडेल असे गृहीत धरता येणार नाही. म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो.

आपण मोजलेले ५० सेकंद आणि ४,१०० तुकडे यांचा मेळ उत्तम बसतो. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवा तो भाग हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, सुमारे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. त्यात हेड सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले, तर एका उडीला अंदाजे १३ मिलिसेकंद लागतात. ४,१०० उड्यांचे ५३ सेकंद होतात. हीच फाइल सलग असती, तर सेकंदाला १२० एमबी वेगाने ती दोन सेकंदांत वाचून झाली असती. दुखण्याचे आपले निदान बरोबर आहे.

आता ११ आणि ४३ टक्क्यांविषयी. विंडोज व्हिस्टापासून विंडोजचे साधन ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडण्याच्या फंदात पडत नाही आणि ते हिशेबातही धरत नाही. त्यामागील विचार मला पटतो : ६४ एमबी वाचायला अर्धा सेकंद लागत असेल, तर त्यानंतरची १३ मिलिसेकंदांची उडी वाचणाऱ्याला जाणवतही नाही. डीफ्रॅगलर लहान-मोठे सगळे तुकडे मोजतो. त्यामुळे ४३ हा आकडा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. वाचक प्रत्यक्ष ज्या पीडीएफ उघडतात, त्यांचे किती तुकडे आहेत तेवढे पाहावे.

विंडोजचे साधन अपुरे असते, ही समजूत जुन्या काळातली आहे. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये डिस्ककीपर या सशुल्क सॉफ्टवेअरची काटछाट केलेली आवृत्ती दिलेली होती आणि ती हाताने चालवावी लागे. व्हिस्टापासून हे काम ठरलेल्या वेळी आपोआप होऊ लागले. आपल्याकडे ते होत नसावे, कारण विंडोज ही देखभाल संगणक चालू असूनही कोणी वापरत नसताना करते, आणि वाचनालयाचा संगणक काम संपताच बंद होत असणार. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विंडोज एनटी ४ पासून फाइलीचे तुकडे हलवण्याची सोय विंडोजमध्येच आहे आणि आपण नावे घेतलेली सॉफ्टवेअर तीच वापरतात. म्हणजे प्रत्यक्ष हलवाहलव विंडोज करते. कोणती फाइल आधी घ्यायची आणि कुठे ठेवायची, एवढाच फरक सॉफ्टवेअरांत उरतो. त्या फरकासाठी समितीचे पैसे खर्च करावेत असे मला वाटत नाही. संपूर्ण डी ड्राइव्हसाठी विंडोजचे साधन आणि निवडक पीडीएफसाठी डीफ्रॅगलर किंवा मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळणारे सिसइंटर्नल्स या साधनसंचातील कॉन्टिग, एवढे पुरेसे आहे. कॉन्टिग आदेश लिहून चालवावे लागते, पण ते स्वतःसोबत दुसरे काहीही आणत नाही.

विजेविषयी : एनटीएफएस ही विंडोजची फाइली मांडण्याची पद्धत आपल्या नोंदींमधील बदलांची रोजनिशी ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेल्यास हलवलेल्या फाइली सहसा शाबूत राहतात. तरीही दहा मिनिटांच्या बॅटरीवर आठ तासांचे काम सोपवू नये. एका वेळी एकच फोल्डर घ्यावे.

जागेविषयी : हे काम पूर्णपणे करायचे, तर ड्राइव्हची किमान १५ टक्के जागा मोकळी हवी. आपल्या ७८० जीबीचे १५ टक्के म्हणजे ११७ जीबी होतात, म्हणून आणखी ६५ जीबी, आपल्याच हिशेबाने साधारण १३ अंक, बाहेर हलवावे लागतील.

या सगळ्याच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून डिस्कची प्रकृती पाहावी. 'रीअलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळी कळवा. त्यातील मूळ आकडे षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत दिसतात, ते मेन्यूतून दशमान करून घ्यावेत. आणि कृपया सांगा : या स्कॅनची दुसरी प्रत कुठे आहे?

धागाकर्ती

आपण इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आज वाचनालयात जाऊन तपासणी केली. पहिल्या ओळीत २४ आणि दुसऱ्या ओळीत ८ असे आकडे आहेत. वर पिवळ्या रंगात सावधगिरीची सूचना दिसते. दुसरी प्रत फक्त पहिल्या वर्षाच्या अंकांची आहे, तीही डीव्हीडींवर. नंतरच्या दोन वर्षांचे काम याच एका डिस्कवर आहे. हे लिहिताना माझे मलाच फार अस्वस्थ वाटते आहे.

प्रतिसाद २

मग आता डीफ्रॅग मुळीच करू नका. पेंडिंग ८ याचा अर्थ आठ जागा डिस्कला वाचता येत नाहीत आणि २४ जागा तिने आधीच बाद केल्या आहेत. डीफ्रॅगमध्ये शेकडो जीबी पुन्हा वाचून पुन्हा लिहिले जातात. दुखऱ्या डिस्कला तो ताण देऊ नये. विंडोजमधील चेक डिस्क या साधनाची सखोल तपासणीही सध्या टाळावी.

२ टीबीची नवी हार्ड डिस्क घ्या आणि समितीपुढे सशुल्क सॉफ्टवेअरऐवजी हाच खर्च मांडा. ज्यांच्या मूळ प्रती उरलेल्या नाहीत ते अंक सर्वांत आधी उतरवा, मग ज्यांचा कागद जीर्ण आहे ते, आणि जे पुन्हा स्कॅन करता येतील ते शेवटी. नकलेसाठी विंडोजमधील रोबोकॉपी उत्तम आहे, परंतु न वाचता येणाऱ्या फाइलीवर वेगळे सांगितले नाही तर ते १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. प्रयत्नांची संख्या १ वर आणल्याशिवाय ते सुरू करू नका. ज्या फाइली उतरल्या नाहीत त्यांची नावे नोंदीत राहतील, त्या नंतर पाहू.

फाइली नेहमीच्या पद्धतीने नव्या, रिकाम्या डिस्कवर उतरवल्या की त्या जवळजवळ सलग लिहिल्या जातात. त्यामुळे आपण ज्यासाठी सॉफ्टवेअर शोधत होता, ते काम नकलेतच होऊन जाईल. दुकानात कोणी संपूर्ण डिस्कचे क्लोन (जशीच्या तशी हुबेहूब नक्कल) करून देतो म्हणाले, तर नको म्हणावे. त्यात तुकडे जसेच्या तसे पुढे येतात.

धागाकर्ती

अध्यक्षांशी फोनवर बोलले. उद्या डिस्क घेण्यास त्यांनी मान्यता दिली आहे. संगणक बंद करून त्यावर कोणी हात लावू नये अशी चिठ्ठी लावली आहे. मूळ प्रती नसलेल्या एकतीस अंकांची यादी आज रात्री करते. नव्या डिस्कवर पुन्हा असेच तुकडे होऊ नयेत, यासाठी कामाच्या पद्धतीत काय बदल करावा, तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद २

जुन्या डिस्कप्रमाणे नव्या डिस्कचेही दोन भाग करा, अपूर्ण पीडीएफ लहान भागात वाढवत राहा आणि अंक पूर्ण झाल्यावरच ती एकदाच मोठ्या भागात उतरवा. अखेरचा आकार आधीच ठरलेला असल्याने तिला सलग जागा मिळण्याची शक्यता मोठी असते. नव्या डिस्कचा १५ टक्के भाग कायम मोकळा ठेवा. महिन्यातून एकदा वाचनालय बंद करण्याआधी संगणक दोन तास तसाच चालू ठेवून 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' चालवा. जुनी डिस्क पुसू नका. सगळे अंक नव्या डिस्कवर उघडून पाहिल्यानंतर आणि त्यांची आणखी एक प्रत वाचनालयाबाहेर कोणाच्या तरी घरी पोचल्यानंतरच तिचे काय करायचे ते ठरवा. यादीतील एकतीस अंक उतरले की कळवा.