पोरं मुद्दाम वात्रटपणा करतात तेव्हा: फटका की काणाडोळा?

रावेरची सून
कानबाईच्या रोटांना (आमच्या खानदेशातल्या देवीचा सण, रोट म्हणजे तिचा नैवेद्य) सगळे भाऊबंद जमले होते. माझा पाच वर्षांचा मुलगा चपलेसकट पिठाच्या परातीत उभा राहिला. रोटांचं पीठ! सासूबाईंनी दोन रट्टे दिले, चार आत्यांनी समजावलं आणि पोऱ्या हसत होता. सकाळपासून "आई, बघ ना" म्हणत मागे फिरत होता, पण मी दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन बसलेले. परातीत शिरल्याबरोबर अख्खं घर त्याच्याकडे वळलं. एवढं लक्ष मिळालं, त्यापुढे दोन रट्टे त्याला स्वस्तात पडले, असं माझं मत.

धुळेकर
काय भो! आम्ही सहा भावंडं, मायबाप दिवसभर कपाशीत. आमच्याकडे कोण बघत होतं? हे लाड आहेत, दुसरं काही नाही.

रावेरची सून
ओट्यावर आजी तर होती ना? आमच्याकडे मोठी माणसं तीन आणि मोबाइलही तीन.

नंदुरबारची बाई (प्राथमिक शिक्षिका)
मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी मुलांच्या अशा वागण्यामागे चार हेतू सांगितले: लक्ष वेधणं, वरचढ ठरणं, सूड घेणं आणि 'मला जमतच नाही' असं दाखवून सुटणं. पहिला हेतू असेल तर ओरडासुद्धा खाऊच ठरतो. पण काणाडोळा करायचा तर नेटाने करा. सुरुवातीला वात्रटपणा उलट वाढतो. तिसऱ्या दिवशी वैतागून तुम्ही ओरडलात की पोर शिकतं, अजून थोडं ताणलं की काम होतं. आणि शहाण्यासारखं खेळत असतं तेव्हा आपण हटकून गप्प बसतो, खरी चूक तिथे. (मारामारी, विस्तवाशी खेळ, तिथे काणाडोळा नाहीच.)

चोपड्याचा मामा
काणाडोळ्यालाही माझा विरोध. भाचा वर्गात सारखा ओरडायचा, बाकं वाजवायचा. 'नाटकं करतो' म्हणून वर्षभर मागच्या बाकावर बसवला. शेवटी कान तपासले, तर एका कानाने ऐकूच येत नव्हतं. आधी तपासा, मग हेतू शोधा.

धुळेकर
मामा, हे पटलं. पण परातीत शिरणाऱ्याचे कान धड आहेत ना? मग एक फटका चालतो.

रावेरची सून
धड आहेत. काल भरताची वांगी बडगीत (लाकडी भांड्यात) कुटायला त्यालाच बसवलं. अर्धं भरीत भिंतीवर गेलं, पण "बघ ना" एकदाही म्हणाला नाही.

धुळेकर
भिंत कोणी पुसली?

रावेरची सून
दोघांनी.