नागपूरच्या मानेवाडा रिंग रोडवर प्याऊ (पाणपोई) लावायचा आहे. पाऊस लागेपर्यंत टिकवायचा कसा?

लेआउटवाले_९
नमस्कार मंडळी. आमच्या लेआउटमधले नऊ जण मिळून यंदा प्याऊ लावतो आहोत. जागा चौकाच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाच्या भिंतीलगत. सकाळी तिथे मजुरांचा ठिय्या, दुपारी ऑटोवाले आणि बसची वाट पाहणारे. दिवसाला ४००-५०० माणूस पाणी पिईल असा अंदाज. १४ एप्रिलला सुरू करायचा विचार आहे. माठ किती आणि कसे घ्यावेत, पाणी नळाचं की जारचं, परवानगी कुठली आणि ओआरएस ठेवावं का, एवढं सांगा. शहरात कितीतरी प्याऊ फीत कापून सुरू होतात आणि मे उजाडला की माठ पालथे पडलेले दिसतात. तेवढं आमचं होऊ नये.

चितारओळी
आधी हिशेब. ५०० माणसं, माणशी सरासरी ४०० मिली, झाले २०० लिटर. विसळणं-सांडणं धरून २४०-२५०. म्हणजे ४० लिटरचे सहा रांजण. बहुतेक मंडळं इथेच चुकतात: तीन रांजण घेतात आणि दुपारी पुन्हा भरतात. दुपारी एक वाजता भरलेला रांजण संध्याकाळपर्यंत कोमटच राहतो, आणि गर्दी तर एक ते चारमध्येच असते. दिवसाचं सगळं पाणी आदल्या रात्री मातीत गेलेलं असलं पाहिजे. सकाळी दोन उघडा, बाकीचे झाकून ठेवा, दुपारी एकेक काढा. सातवा रांजण राखीव, कारण एक तरी फुटतोच.

रांजण घेताना बोटाच्या पेरानं ठोकून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर तडा आहे. २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पहिली दोन भरणी झाडांना घाला. मातीचा वास त्यानंतर जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: रांजणाला ऑइल पेंट लावू नका. माठ गार होतो तो पाणी छिद्रांतून झिरपून बाहेर वाळतं म्हणून. देणगीदाराचं नाव, कमळ, स्वस्तिक असं रंगवून रंगवून अर्धा माठ बंद केला की आतलं पाणी टाकीसारखंच. नावं लाकडी पाटीवर लिहा. प्लॅस्टिकच्या माळा आणि सॅटिनची झालरही नको, हवा अडते. ओलं गोणपाट गुंडाळलं तर चालेल, पण दर दोन तासांनी कोणीतरी ते भिजवायला हवं, नाहीतर वाळलेलं गोणपाट म्हणजे माठाला घातलेला कोटच.

बोअरचं पाणी वापरलंत तर तीनेक आठवड्यांत बाहेरून पांढरा खार फुलतो. तो छिद्रं बुजवतो. काथ्यानं आणि साध्या पाण्यानं घासा. साबण किंवा भांड्याची पावडर अजिबात नाही, माती ती पिऊन घेते आणि आठ दिवस पाण्याला वास येतो.

वजन विसरू नका. भरलेला रांजण ५० किलोच्या आसपास जातो, सहा म्हणजे ३०० किलो. लोखंडी तिवईचे पाय सांडलेल्या पाण्यानं भुसभुशीत झालेल्या मातीत एका बाजूनं रुततात आणि रांजण कलंडतो. पायांखाली फरशीचे तुकडे द्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे विटांचा ओटा करून वर चार बोटं वाळू टाका आणि ती ओली ठेवा. प्रत्येकाखाली गोणपाटाची चुंबळ.

पाणीवाला_काका
नळाचं पाणी घ्या. नागपूरला पेंच आणि कन्हानचं शुद्ध केलेलं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतो. गडबड पुढे होते: इमारतीची न धुतलेली टाकी, पाइपचं मातीत लोळणारं तोंड आणि रांजणात बुडवलेला हात. टाकी धुतलेली आहे याची खात्री करूनच तिथून पाणी घ्या. पाइपचं तोंड खुंटीवर टांगून ठेवा.

‘थंड जार’ म्हणून जे कॅम्पर येतात, ते सीलबंद बाटलीसारखे नसतात. आयएसआयचं चिन्ह आणि सील नसेल तर ते कुठून भरलं हे कोणी सांगू शकत नाही. टँकर बांधकामाला पाणी नेतो की पिण्याला, तेही विचारून घ्या.

माठात क्लोरीन लवकर उडतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्लोरीनच्या अर्ध्या ग्रॅमच्या गोळीला २० लिटर हे प्रमाण; ४० लिटरला दोन गोळ्या, भरल्यावर किमान अर्धा तास कोणाला द्यायचं नाही. रात्री भरता आहात म्हणून हे आपोआप जमतं. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण उघड्या पुडीतली पावडर दमट हवेत जोर गमावते आणि मग माणसं अंदाजानं जास्त टाकतात. वास आला की प्यायला कोणी येत नाही. ग्रामपंचायतीत वापरतात तो, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारा ओटी टेस्टचा संच आणा. सकाळी पहिला ग्लास द्यायच्या आधी नमुन्यात दोन-तीन थेंब टाका, फिकट पिवळा रंग आला की ठीक. रंगच आला नाही तर क्लोरीन संपला आहे.

तोटीचे रांजण घ्या. तोटी बुडापासून दोन बोटं वर हवी, म्हणजे गाळ खाली राहतो. आत-बाहेर दोन्हीकडे रबरी वायसर, आणि नट हातानं आवळा. पान्हा लावला की माती चिरते. गळणाऱ्या तोटीखाली बादली ठेवा आणि ती रोज रिकामी करा. तिथे आठवडाभर पाणी साचलं तर डेंग्यूचे डास तुमच्याच प्यावातून निघतील. पक्ष्यांसाठी वाडगं ठेवणार असाल तर त्यालाही हाच नियम.

इंदोरा_चौक
काका, तोटीचं एकदम बरोबर, पण एक गोष्ट जोडते. पुष्कळ ठिकाणी अजूनही लांब दांड्याचं ओगराळं घेऊन वरून ओंजळीत पाणी ओततात आणि त्याला ‘स्वच्छता’ म्हणतात. ही पद्धत कुठून आली ते आपल्या शहराला सांगायला नको. १९२७ मध्ये चवदार तळ्याला ओंजळ लावावी लागली, १९५६ मध्ये इथे दीक्षाभूमीवर काय झालं, सगळ्यांना माहीत आहे. १४ एप्रिलला सुरू होणाऱ्या प्यावावर तर वरून ओतणं नकोच. माणसानं स्वतः तोटी फिरवावी, स्वतःचा ग्लास भरावा, बाटली भरून न्यावी. ऑटोवाला दोन लिटरची बाटली घेऊन आला तर ‘फक्त पिण्यासाठी’ म्हणून टोकू नका. हिशेबात त्यासाठी ५० लिटर जास्तीचे धरा, म्हणजे भांडणच नको.

ग्लास स्टीलचेच, साखळीशिवाय, ३० नग. साखळीचा ग्लास कोणी धुवत नाही. एक टोपलं उष्ट्या ग्लासांचं, एक धुतलेल्यांचं, मध्ये साबणाच्या पाण्याची बादली आणि साध्या पाण्याची बादली. कागदी कप नको. आतून प्लॅस्टिकचा थर असतो आणि दुपारपर्यंत नालीत ढीग होतो. मग दुकानदार पहिली तक्रार करतो.

नवतपा
सगळं ठीक आहे जी, पण जागा दुपारी दोन वाजता जाऊन पाहिली काय? सकाळी दहाला जिथे सावली असते तिथे दोनला ऊन येऊन राहते. आणि भिंतीच्या सावलीच्या भरवशावर तर बिलकुल राहू नका. मेच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास, नागपुरात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर असतो. भिंतीची सावली भिंतीखालीच जाते. तोच नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. वरून छत लागतंच.

छताला टिन नको, खाली भट्टी होते. फ्लेक्सही नको, हवा कोंडते. बांबूच्या तट्ट्या किंवा हिरवी नेट, माणसाच्या डोक्याच्या दोन हात वर, पश्चिमेकडून खाली उतरती. अवकाळीच्या वादळात नेट फाटण्याआधी बांबू उपटते, म्हणून एक बाजू सुटेल अशी गाठ मारा. नेट उडाली तर दहा मिनिटांत परत लागते, बांबू रांजणावर पडला तर सातवा रांजणही पुरत नाही बाप्पा.

ओपीडी_दुपार
ओआरएस: ठेवा, पण वाटू नका. चौकात आलेल्या बहुतेकांना साधं पाणी पुरतं. खूप घाम गेलेल्या मजुराला लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ताकही चालतं. पाकीट चक्कर, उलटी, पायात गोळे येणाऱ्या माणसासाठी. एक लिटरचं पाकीट असेल तर पाणीही पूर्ण एक लिटर. ग्लासात अर्धं पाकीट घोळून देणं ही नेहमीची चूक आहे, त्यानं मीठ जास्त होतं. घोळलेलं २४ तासांनंतर फेकायचं. रांजणात कधीही टाकू नका: मोजमाप राहत नाही आणि रक्तदाब, किडनीचे रुग्ण नकळत ते पितात. ओआरएससारखे दिसणारे टेट्रापॅकमधले गोड पेयांचे डबे कोणी देणगी म्हणून आणले तर ते सरबताच्या खात्यात धरा, औषधाच्या नाही.

पाटीवर मोठ्या अक्षरात हे लिहा: माणूस बरळतो आहे, तोल जातो आहे, अंग तापलेलं आहे (घाम असो वा नसो), तर तो उष्माघात. १०८ लावा, सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारत वारा घाला, मान-काखा-जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. चांगल्या हेतूनं पाणी पाजायला जातात आणि ते श्वासनलिकेत जातं. एक जुनी चादर, पुठ्ठ्याचा मोठा पंखा आणि दोन बादल्या पाणी यासाठी वेगळं ठेवा. पाण्याच्या शोधात धावण्यात वेळ जाऊ नये.

झोन_कार्यालय_फेरी
परवानगी: जागा दुकानाच्या हद्दीत असेल तर मालकाचं लेखी संमतिपत्र घ्या, काम खूप सोपं होतं. फूटपाथवर असेल तर मनपाच्या तुमच्या झोन कार्यालयात अर्ज, सोबत हातानं काढलेला नकाशा: फूटपाथची रुंदी किती, तुम्ही किती व्यापता, चालायला किती उरतं. वाहतूक पोलिसांना एक प्रत. सिग्नलच्या वळणापासून दूर ठेवा. ऑटो थांबले की मागे रांग लागते आणि मग प्याऊच हटवायला सांगतात. पावतीची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून खांबाला लावा.

आता टिकण्याचं. नऊ जण आहात, सात दिवस. प्रत्येक वाराला एकच माणूस जबाबदार, उरलेले दोन बदली. ‘सगळे मिळून बघू’ म्हटलं की रविवारी कोणीच नसतं. वाराच्या माणसाची कामं तीनच: रात्री नऊला धुऊन भरणं, दुपारी एकला ग्लास आणि छत पाहणं, संध्याकाळी बादली रिकामी करणं. दुकानात एक वही ठेवा, भरण्याची वेळ आणि सही. वहीत दोन दिवस कोरे दिसले की तिसऱ्या दिवशी काही ना काही बिघडतं.

आणि पैसे गोळा होतील तेव्हा जूनचे आधी बाजूला काढा. लोक एप्रिलमध्ये देतात, मे संपताना देत नाहीत. खर्च मात्र तेव्हाच असतो: फुटलेला रांजण, तोटी, नेट. उद्घाटनाचा मंडप आणि हार जूनच्या डब्यातून होऊ देऊ नका.

लेआउटवाले_९
सर्वांचे आभार. वाटून घेतलं: सहा अधिक एक रांजण, तोटीचे, रंग नाही. दोन गोष्टी राहिल्या. रात्री नऊला नळाला दाब नसतो. आणि १५ जूनच्या आसपास ढग आले की माठाचं पाणी गार होत नाही म्हणतात, तेव्हा बर्फ टाकावा का?

चितारओळी
दाब असेल तेव्हा, सकाळी सहाला का होईना, झाकणाच्या २०० लिटरच्या दोन ड्रममध्ये भरून सावलीत ठेवा. रात्री ड्रममधून बादलीनं रांजणात, तोंडावर दुहेरी पंचा लावून. ड्रमची झाकणं घट्ट, आणि आठवड्यातून एक दिवस ड्रम पूर्ण रिकामे करून कोरडे.

बर्फ नको. बाजारातला लादीचा बर्फ पिण्यासाठीच केलेला आहे याची खात्री नसते. दमट हवेत माठ पूर्वीसारखा गार करणार नाही, बाहेरून सुकायला हवा कोरडी लागते. तेव्हा गोणपाट काढा, रांजण एकमेकांपासून वीतभर लांब ठेवा. नळाच्या पाण्यापेक्षा थोडं गार मिळेल, तेवढं पुरे. तोपर्यंत ऊनही उतरलेलं असतं.

पाणीवाला_काका
पंचा रोज धुतलेला. कालचा ओला पंचा नको.